कॉटला तेल कुणी घातलं?

९ जानेवारी

हिला आज दवाखान्यात ठेवून घेतलं. सकाळी उठली तर चादरीवर रक्त. दुखत काहीच नव्हतं. मोठ्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "वार खाली आहे, पिशवीच्या तोंडावरच. बाळ ठीक आहे. पण आता घरी जायचं नाव काढायचं नाही. बाळंतपणापर्यंत मुक्काम इथेच, आणि तोही आडवं पडून."

मी विचारलं, "ती तोंडावरून बाजूला सरकवता येत नाही का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या, "शिलाई मशीन नाहीये ते."

माझा धंदा त्यांना कुणी सांगितला कोण जाणे. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी दोनदा वदवून घेतलं : रक्त पुन्हा जाईल, कधी ते सांगता येत नाही, आणि दुखणार नाही त्यामुळे पटकन लक्षातही येणार नाही. लक्षात आलं की तत्काळ सिस्टरना बोलवायचं.

मला हे लगेच समजलं. ज्या मशीनचा आवाज होतो तिची मला कधीच भीती वाटली नाही. शटल घासतंय, पट्टा सैल झालाय की पायडलची पिन झिजलीय, हे मी रस्त्यावरून ऐकून सांगतो. शिकवलं कुणी नाही, कान आपोआप तयार झाले. वाईट ती मशीन, जी आवाज न करता बिघडते.

रोज लिहायची सवय जुनी आहे, पण आजवर वहीत फक्त मशिनीच आल्या. आता ही. हिचं वयाचं एकोणचाळिसावं चालू आहे. याआधी दोनदा जे घडलं ते घडलं, त्यावर मी इथे लिहिणार नाही. या खेपेला सगळं नीट होणार. माझी खात्री आहे.

११ जानेवारी

वॉर्डात सहा कॉट. हिची चार नंबरची. पाच नंबर खिडकीपाशी, तिथे जी बाई आहे तिला जुळी आहेत, तीही मुक्कामालाच. तोंड अखंड चालू. मी मनात तिचं नाव 'खिडकीवाली' ठेवलं. दिवसभर लोकरीचं काहीतरी विणत असते. मोठ्या सिस्टरांचं टेबल दारापाशी, आमच्याकडे पाठ करून.

हिला म्हटलं, "तुझं शिवणाचं सामान आणू का? झबलीबिबली शिव. वेळ जाईल."

"नको," ती म्हणाली.

गावातल्या अर्ध्या पोरांची पहिली झबली हिच्या हातची. आणि स्वतःच्या बाळासाठी अजून एक टाका नाही! मग लक्षात आलं, उजेड कमी पडतो. दिव्याची नळी छताला, तीही दोन कॉटच्या मधोमध. संध्याकाळी घरून वाकती मान असलेला दिवा आणला, कठड्याला पकडीने बसवला, प्रकाश बरोबर मांडीवर पडेल असा. सिस्टरांची परवानगी घेऊनच. हिने बघितलं, म्हणाली, "छान आहे." आणि दिवा बंद केला.

हिची मोठी बहीण डबा घेऊन आली होती. जिन्यात मला म्हणाली, "भाऊजी, उजेडाचा प्रश्न नाहीये तो."

"मग कापडाचा असेल," मी म्हटलं. "कोणतं आणू?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि डबे खुळखुळवत निघून गेली. ताईंचं कधीच स्पष्ट बोलणं नसतं.

१६ जानेवारी

सकाळी दुकान, दुपारी भेटीची वेळ, मग पुन्हा दुकान, संध्याकाळी पुन्हा इथे. बस्तान बसलं आहे. हिची उशी तीन इंच उंच होती, आतला कापूस काढून बरोबर केली. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला येईल असा ठेवला, कारण डाव्या कुशीवर झोपायचं आहे. जेवणाच्या टेबलाचं एक चाक रुसलं होतं, ते सरळ केलं. न्हाणीघराची कडी लागत नव्हती, तीही.

मी आलो की ही म्हणते, "दुकानातलं काहीतरी सांगा." आज सांगितलं : एका बाईने मशीन आणली, म्हणाली धागा तोडते. उघडून बघतो तर सुई उलटी बसवलेली. तिच्या नवऱ्यानेच बसवली होती आणि तो शेजारी उभा राहून मला मशीनच्या दोषांवर भाषण देत होता! मी सुई फिरवली, एक शब्द बोललो नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. ही डोळे मिटून ऐकत होती. झोपली असेल म्हणून मी थांबलो, तर डोळे न उघडताच म्हणाली, "मग? त्याचं तोंड कसं झालं ते सांगा ना."

थोड्या वेळाने मी टेबलाच्या दुसऱ्या चाकाकडे वाकलो तर म्हणाली, "अहो, जरा बसा ना नुसते. हात मोकळे ठेवून."

बसलो. पण हात मोकळे ठेवून बसणं हे काही काम नव्हे. चाक नंतर केलं.

१८ जानेवारी

ताई म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात की हातात पाना घेता."

हे साफ चूक आहे. पाना मी रोजच हातात घेतो.

२४ जानेवारी

आज मोठं काम उरकलं.

पहिल्या दिवसापासून या वॉर्डातल्या कॉट माझ्या कानात खुपत होत्या. प्रत्येक कॉटला दोन्हीकडे पाडता येणारा कठडा, आणि कुणी कूस बदलली, कठड्याला हात लागला, की आवाज. हिची 'कुईंऽ' करायची, पातळ, वर चढत जाणारा. खिडकीवालीची खडखडायची. दोन नंबरची तर म्हशीसारखी हंबरायची. कुठे पिन कोरडी, कुठे वायसर गायब. आजारी माणसाला झोप कशी लागणार? इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही.

मोठ्या सिस्टर आठवडाभर रजेवर आहेत. बदली सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "करा की, चांगलंच आहे." हिला सोनोग्राफीला नेलं तेवढ्यात खिशातली तेलाची चोचीची डबी काढली आणि सहाच्या सहा कॉट धरल्या. जुना मळ पुसला, नवे वायसर घातले, मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडलं, जास्तीचं फडक्याने टिपलं. फरशीवर एक डाग नाही.

ही परत आली. स्ट्रेचरवरून कॉटवर घेतली, कठडा वर केला. आवाज नाही! मी म्हटलं, "हलवून बघ." तिने हलवून बघितलं. कठड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि हसली. "छान झालं हो," म्हणाली, "अगदी लोण्यासारखं." किती दिवसांनी अशी हसली.

खिडकीवाली म्हणाली, "अहो मशीनवाले, तुम्ही तर सगळा वॉर्ड मुका करून टाकलात!"

कौतुक करायची तिची पद्धत असावी.

सोनोग्राफी उत्तम. बाळ वाढतं आहे. घरी जाताना मी चक्क शीळ घालत गेलो.

२७ जानेवारी

दुपारी दुकानात निरोप आला. हातातली मशीन तशीच उघडी टाकून निघालो, जे मी कधी करत नाही.

ही पांढरीफटक. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला रक्ताची पिशवी. डॉक्टरबाई नुकत्याच जात होत्या, म्हणाल्या, "थांबलंय आता. बाळाचे ठोके चांगले आहेत. काळजी घेऊ." मी स्टुलावर बसलो.

मोठ्या सिस्टर आजच रजेवरून परतल्या होत्या. कमरेवर हात ठेवून कॉटच्या पायथ्याशी उभ्या. मोठ्याने म्हणाल्या, "या कॉटला तेल कुणी घातलं?"

मला वाटलं, अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं. मी उठून म्हटलं, "मी. सहाही कॉटना घातलं."

खिडकीवालीच्या विणायच्या सुया थांबल्या.

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला, ते जास्त वाईट होतं. "दादा, इथली बेल एकच. कुणीही दाबा, सारखीच वाजते. मग मी उठून बोर्ड बघायचा, कोण ते शोधायचं. त्यापेक्षा या बाया कठडा हलवतात. दोन नंबर हंबरते, पाच नंबर खडखडते, चार नंबर कुई करते. मी तिकडे पाठ करून बसले तरी मला कळतं कोण बोलावतंय. अकरा वर्षं मी या आवाजांवर वॉर्ड चालवतेय. आज तुमच्या बायकोचं रक्त जायला लागलं, बेलचं बटण कॉटमागे पडलेलं, तिला वाकायची बंदी. तिने कठडा हलवला. हलवतच राहिली. आणि मी तिथे बसून इंजेक्शनं भरत होते."

खिडकीवाली तेव्हा न्हाणीघरात होती. बाहेर आली, हिचा चेहरा बघितला, आणि स्टीलचा पेला टेबलावर बडवत ओरडली, म्हणून कळलं.

डबी खिशात होती. मांडीला टोचत होती.

२८ जानेवारी

दुकान उघडलं नाही.

हिचे ओठ अजून पांढरे. मी म्हटलं, "तेल घातल्यावर तुला कळलं होतं का, की आता आवाज होणार नाही म्हणून?"

ती म्हणाली, "बेल होती ना. मला काय माहीत बटण पडेल ते."

"म्हणजे कळलं होतं. मग बोलली का नाहीस?"

"किती दिवसांनी तुम्हाला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

हे मला नीट उमगलेलं नाही. मला बरं नव्हतं कधी? आजारी ती आहे. दुपारभर त्यावर विचार केला. मग तसाच बसून राहिलो, तिचा हात सलाईनच्या नळीखाली होता तो धरून. दिव्याची मान सैल झाली होती, ती आज सोडून दिली.

३० जानेवारी

परवा बेल दुरुस्त करतो म्हटलं तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ते वायरमनचं काम, त्याला सांगितलंय. तुम्ही फक्त माझे आवाज मला परत द्या."

पंचवीस वर्षं मी आवाज घालवायचं काम केलं. परत आणायचं कधीच केलं नव्हतं. पण एकदा कळलं की आवाज कशाने जातो, तर तो कशाने येतो हेही कळायलाच हवं. काल दिवसभर दुकानात एका जुन्या लोखंडी पिनवर प्रयोग केले. तेल पुसून भागत नाही, ते धातूच्या अंगात मुरलेलं असतं. रॉकेलने धुवायचं, उन्हात वाळवायचं, मग पिनवर राळेची पूड चोळायची. राळ चिकट, लोखंड अडखळत सरकतं, आणि अडखळलं की बोलतं.

आज सगळी हत्यारं घेऊन गेलो. पिना घरीच तयार केल्या होत्या, रॉकेलचा वास वॉर्डात येऊ दिला नाही. सिस्टर आपल्या टेबलापाशी पाठ करून बसल्या. मी चार नंबरचा कठडा हलवला.

"हा कोण?" त्या म्हणाल्या. "मी नाही ओळखत याला."

थोडी राळ वाढवली.

"वरचा होता याच्यापेक्षा."

ही पडल्या पडल्या म्हणाली, "अजून थोडं रडकं करा. शेवटाला वर चढायचं ते. कुईंऽऽ असं."

"अगं, तू गप्प पड, तुला बोलायला..."

"बोलायला बंदी नाहीये मला. वाकायला आहे."

वायसर एक काढला, उलटा घातला. हलवलं. 'कुईंऽ'.

"चार नंबर!" सिस्टर म्हणाल्या आणि खुर्चीतच गर्रकन वळल्या. हसताना त्या वेगळ्याच बाई वाटतात.

मग दोन नंबरचं हंबरणं. तिथली नवी पोरगी कालच आली, तिने ते कधी ऐकलेलंच नव्हतं, ती घाबरून उठून बसली. एक, तीन आणि सहाचेही बसवले. खिडकीवाली म्हणाली, "माझा मला तसाच नको, जरा भारदस्त द्या. जुळ्यांची आई आहे मी." तिचे दोन वायसर काढून एक मोठा ढिला बसवला. खडखड अशी झाली की डॉक्टरबाई दारातून डोकावून गेल्या.

शेवटी सिस्टरांनी परीक्षा घेतली. डोळे मिटून बसल्या, मी मनाला येईल त्या क्रमाने कठडे हलवले. एकदाही चुकल्या नाहीत. मीही नाही.

ताई निघताना म्हणाल्या, "आज पाना शोभला हातात."

६ फेब्रुवारी

हिने सकाळी काही कारण नसताना म्हटलं, "येताना माझ्या कपाटातलं मऊ पांढरं सुती कापड आणा. खालच्या खणात आहे, निळ्या चादरीखाली. आणि अंगुस्तान."

मी आणलं. कापड धुवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं होतं. कधीपासून ठेवलं होतं कोण जाणे, घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या.

तिने दिवा लावला. संध्याकाळपर्यंत एक बाही कापून झाली. बाही म्हणजे काय, माझ्या अंगठ्यावर बसेल एवढी.

उजेडाचाच प्रश्न होता तर. ताईंना सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि "हो हो, उजेडाचाच," म्हणाल्या. जिन्यात धूळ फार आहे.

१९ फेब्रुवारी

खिडकीवालीला दोन्ही मुलगे. पाच नंबरवर दुसरी बाई आली आहे, मुखदुर्बळ. वॉर्डात करमत नाही. ही म्हणते, "तिची खडखड होती तोवर मला एकटं वाटायचं नाही." जुळ्यांच्या दोन टोप्या विणल्या होत्याच, आणखी एक ती हिच्या उशीखाली ठेवून गेली. तिसरी टोपी कधी विणली, कुणी पाहिलं नाही.

मी हल्ली आलो की बसतो. सवयीने जमतं.

३ मार्च

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

सकाळी मी हिला दुकानातलं सांगत होतो. सांगता सांगता ती थांबली, पोटावर हात ठेवला, आणि काही न बोलता दुसऱ्या हाताने कठडा हलवला. कुईंऽ. दुसरी कुई व्हायच्या आत मोठ्या सिस्टर कॉटपाशी होत्या. मी शेजारी बसलेला, आणि मला कळायच्या आधी त्यांना कळलं. चादर उचलून बघितली आणि म्हणाल्या, "चला."

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही, सिझर करायचं, रक्त फार जातंय म्हणून पूर्ण भूल द्यायची. बाळ अजून लहान आहे, पण तयार आहे. हिने जाताना माझा हात धरला. म्हणाली, "ऐकाल ना हो?"

"काय ऐकू?" मी म्हटलं, पण तोवर स्ट्रेचर आत गेलं.

ताई आल्या. आम्ही बाकावर. ऑपरेशन थिएटरचं दार दुहेरी, आजवर दहा वेळा तरी त्याच्यासमोरून गेलो असेन. आतून आवाज येत नव्हता. मी सगळं लक्ष कानात आणून बसलो. पंख्याचं बेअरिंग जाऊ घातलं आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओढली. आतून काहीच नाही. याआधी दोनदाही काहीच नव्हतं. डबी खिशात नव्हती, हात कुठे ठेवावे ते कळेना.

मग आतून एक आवाज आला. बारीक, कोरडा, अडखळत वर चढणारा.

मी ताईंना म्हटलं, "बघा. या दाराच्या बिजागरीला किती दिवसांत कुणी तेल..."

ताईंनी माझ्या दंडावर अशी चापट मारली की अजून हुळहुळतंय. "अहो भाऊजी, बिजागरी कसली! रडतंय ते!"

दार तर बंदच होतं. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी. छोटी आहे, पण आवाज बघा. आई ठीक आहे, जागी व्हायला वेळ लागेल." मी आभार मानायला उठलो आणि पुन्हा बसलो. पुढचं थोडं मला लिहिता येणार नाही.

६ मार्च

मुलगी नवजात कक्षात, काचेच्या पेटीत. झबलं तिला दुहेरी गुंडाळता येईल एवढं मोठं होतं. टोपी नाकापर्यंत येते. ही म्हणते, मापाने शिवलं होतं, मापच चुकलं, पहिल्यांदाच.

आज हिला नीट बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं तिने विचारलं, "मी भुलीत होते. तुम्ही ऐकलंत ना? पहिला आवाज कसा होता? तुमच्या कानांनी सांगा."

काहीतरी गोड सांगावं असं वाटलं. पण आवाजाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

"कोरड्या बिजागरीसारखा," मी म्हटलं. "मला बिजागरीच वाटली. तेल घालायला हवं असं ताईंना म्हणालोसुद्धा."

ती हसायला लागली आणि पोट धरून कळवळली. "हसवू नका ना, टाके आहेत!" मग चादर जरा सरकवून म्हणाली, "बघा बरं कसे घातलेत. मी याच्यापेक्षा बारीक घालते." तरी हसतच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी तिच्याजवळ बसलो. हात मोकळे. नवजात कक्ष समोरच्या बोळात, तिथली पोरं आळीपाळीने रडत होती. एक रडलं. हिने डोळे मिटलेले, म्हणाली, "ही आपली नाही." दुसरं रडलं. "हीपण नाही." मग एक बारीक, अडखळत वर चढणारं.

"ही आपली," ती म्हणाली.

मी जाऊन बघून आलो. बरोबर होतं.